मास्तरणीचे टाके

धाकटीने मास्तरणीच्या गळ्याखाली बोटं टेकवली आणि चटका बसावा तशी मागे घेतली. काल संध्याकाळी तिथे लिंबाएवढी गाठ लागत होती. आज ती मुठीएवढी झाली होती, आणि दाबली तर आत ओली रेती भरल्यासारखी घट्ट. कोंबडीने चोच उघडली, श्वास ओढला आणि चोच तशीच उघडी ठेवली. आतून आंबूस वास आला.

मास्तरीण हे कोंबडीचं नाव. मान ताठ ठेवून, एकेक पाऊल तोलून टाकत ती परसभर हिंडायची आणि ज्याच्या त्याच्या कामात डोकवायची, म्हणून थोरलीने ते ठेवलं होतं. कोंबडी थोरलीचीच. घर एकच होतं, मधून भिंत घालून दोन भावांत वाटलेलं. थोरली आणि धाकटी या दोघी जावा भिंतीच्या दोन बाजूंना राहत होत्या, पण मागचं परस कुणी वाटलं नव्हतं. तेवढं एक दोघींत सामाईक उरलं होतं. बाकी बोलणं म्हणाल तर पाणी आलं, गॅसवाला येऊन गेला, एवढंच.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी थोरलीने धाकटीच्या मुलीसाठी हाताने एक झबलं शिवून आणलं होतं. धाकटीचा धंदाच शिवणाचा. पुढच्या खोलीत तिचं मशीन, मापं द्यायला आलेल्या दोन बायका बसलेल्या. तिने झबलं हातात घेतलं, उलटं केलं आणि बोलता बोलता शिवण उसवायला घेतली. एक टाका लांब, एक आखूड, प्रत्येकाला वेगळी गाठ. "ताई, असले टाके पोत्यालासुद्धा कुणी घालत नाही," ती म्हणाली होती. बायका हसल्या होत्या. थोरली चहा न घेताच उठून गेली, ती पुन्हा पुढच्या दाराने कधी आली नाही.

आणि परवा ती मागच्या दाराशी आली होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिला जावं लागत होतं, आणि थोरल्या दिरांना कोंबड्यांतलं काही कळत नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती म्हणाली, "मास्तरणीकडे तेवढं बघशील?" धाकटीने हो म्हटलं. चार वर्षांत थोरलीने मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती आता तिच्या मांडीवर तोंड वासून पडली होती.

जमेल ते सगळं करून झालं होतं. कोमट तेल चमच्याने पाजलं, गाठ हलक्या हाताने चोळली, डोकं खाली करून पाहिलं. थोडं घाण पाणी आलं आणि कोंबडी गुदमरायला लागली, तेव्हा घाबरून सरळ केली. जनावरांच्या दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर लसी टोचायला दौऱ्यावर. फोनवरच्या माणसाने गाय आहे की कुत्रा, ते विचारलं. कोंबडी म्हटल्यावर तो हसला. वाईट माणूस नव्हता, पण डॉक्टर परवा येतील, तोवर काही ती राहायची नाही, त्यापेक्षा दुसरी आणा, असं म्हणाला. दुसरी आणता आली असती तर हवं काय होतं.

तिचा नवरा पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचा. तो जेवायला घरी आला आणि शिवणाच्या टेबलावर मांडलेलं सामान बघून दारातच थांबला. उकळलेलं नवं ब्लेड, बारीक सुई, रेशमी दोरा, बर्फ, जंतुनाशकाची बाटली.

"कापायचीच आहे तर तिखटमीठ आणतो," तो म्हणाला.

धाकटीने वर पाहिलं. तिचा चेहरा बघून त्याने थट्टा तिथेच आवरली आणि हात धुवायला गेला.

एका जुन्या पँटचा पाय कापून तिने कोंबडी त्यात सरकवली. पंख बांधले गेले, मान तेवढी बाहेर राहिली. नवऱ्याने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. रक्त बघितलं की त्याचे पाय लटपटायचे, हे दोघांनाही ठाऊक होतं. कोंबडीचं काळीज त्याच्या तळव्याखाली इतकं भराभर उडत होतं, की तो दोनदा म्हणाला, "लवकर कर."

तिने गाठीवरची पिसं उपटायला घेतली. खालची कातडी पातळ, गुलाबी. चौथ्या-पाचव्या चिमटीला तिचा हात थांबला.

कातडीवर एक रेघ होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, पांढुरकी, जुनी. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके होते, आणि दोन ठिकाणी कातडीत रुतून बसलेल्या सुती गाठी. एक ठिपका जवळ, एक लांब. प्रत्येकाला वेगळी गाठ.

ती बघतच राहिली. हे टाके तिच्या ओळखीचे होते. असले टाके घालणारी बाई अख्ख्या गावात एकच होती.

"काय झालं?" नवऱ्याने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"हिला आधी एकदा उघडलंय."

"कुणी?"

तिने बर्फाचा खडा कातडीवर फिरवला, जंतुनाशकाने पुसलं आणि जुन्या रेघेला लागूनच ब्लेड टेकवलं. कापड कापताना तिचा हात कधी अडला नव्हता. आज अडला. कापड चुकलं तर दुसरं आणता येतं, एवढाच विचार तिच्या डोक्यात येत राहिला. मग तिने ओठ आवळले आणि ब्लेड ओढलं.

कातडी उघडली, पण खालची, दाणे साठायची पिशवी तिच्यापासून सुटी होईना. रेघेपाशी दोन्ही एकमेकींना चिकटल्या होत्या. पिशवी उघडताना तिला कारण कळलं. थोरलीने आतलं आणि वरचं एकाच टाक्यात धरलं होतं. जखम भरली, पण आत एक चुणी राहिली, वाळलेल्या शेंगेच्या टरफलासारखी कडक. जे खाली जायचं ते त्या चुणीत अडत गेलं होतं.

नवऱ्याच्या हत्यारांतला बारीक चिमटा घेऊन तिने अडकलेलं ओढून पायाशी ठेवलेल्या परातीत टाकायला सुरुवात केली. आधी गवत आलं. मग कुजलेले दाणे. मग दोरा. शाळेच्या गणवेशांचा निळा, उशांच्या अभ्र्यांचा पिवळा, कुणाच्या तरी लग्नाच्या पोलक्याचा किरमिजी. ती ओढत होती आणि तो येत होता, गवताभोवती, दाण्यांभोवती पीळ घालून वळकटी झालेला. रोज मशीन बंद केलं की पुढची खोली झाडायची आणि केर मागच्या दाराने परसाच्या खड्ड्यात टाकायचा, ही तिची वर्षानुवर्षांची सवय. कुजून जाईल, झाडांना खत होईल, असं ती म्हणायची. तिचा दोरा आता सुती नव्हता, पॉलिस्टरचा होता, तो कधीच कुजणार नव्हता, हे दोऱ्याचा धंदा करणाऱ्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं.

म्हणजे मागच्या वेळीही हेच निघालं असणार. थोरलीने आपल्या स्वयंपाकघरात एकटीने कोंबडी उघडली असणार, हे रंगीत दोरे हातात धरून बघितले असणार. धाकटीच्या दारात आणून टाकायला तिला चार पावलं पुरली असती. ती आली नव्हती. धाकटीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"श्वास घेत नाही गं ही," नवरा म्हणाला.

कोंबडीची मान त्याच्या मनगटावर कलली होती. पापणी खालून वर आली आणि मिटली. धाकटीने चिमटा टाकला, तिचं डोकं दोन बोटांनी उचललं, चोच उघडून घशातला चिकट फेस पुसून काढला. काही नाही. तिने पुन्हा पुसला. नवऱ्याने पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढली आणि रक्ताकडे बघितलं, पण त्याचे पाय लटपटले नाहीत. पँटच्या पायात काहीतरी हललं. कोंबडीने एक खरखरीत श्वास घेतला, मग दुसरा.

तेवढ्यात मागचं दार वाजलं.

थोरली एक दिवस आधी आली होती. हातात पिशवी, पायांवर प्रवासाची धूळ. खुराड्यात मास्तरीण दिसली नाही म्हणून ती इकडे आली असावी. आत येऊन खोलीच्या दारातून तिने टेबल बघितलं, ब्लेड बघितलं, परातीतले रंगीत दोरे बघितले. धाकटीला वाटलं, आता ही बोलेल ते आपण खाली मान घालून ऐकायचं.

थोरलीने पिशवी खाली ठेवली. मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि धाकट्या दिराच्या हातून कोंबडी अलगद काढून घेतली.

"धुतलंस का आतून?" तिने विचारलं.

"अजून नाही."

"कोमट पाण्यानं धू. चिमूटभर मीठ टाक. मागच्या वेळी मी विसरले होते."

धाकटीने धुतलं. कडक झालेली चुणी ब्लेडने कापून काढली आणि परातीत टाकली. मग सुईत दोरा ओवला. पहिल्यांदा आतली पिशवी, एकटीच, बारीक टाक्यांनी. खोलीत फक्त कोंबडीच्या श्वासाची खरखर ऐकू येत होती.

"ताई, तेव्हा बोलला का नाहीत?" तिने सुईवरची नजर न काढता विचारलं.

"बोलून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, कोंबड्या बांधून ठेवा."

धाकटीने पुढचा टाका ओढला. ती अगदी तेच म्हणाली असती, याच शब्दांत.

"आई कशी आहे?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"दिसतंय म्हणते. माझे पांढरे झालेले केस पहिले दिसले तिला."

आतली शिवण पुरी झाली. वरची कातडी जुळवण्यासाठी धाकटीने बोटं लावली, तेव्हा थोरली वाकली. कापलेल्या जागेशेजारी तिची स्वतःची जुनी रेघ होती. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"खरं सांग," ती म्हणाली. "माझ्या टाक्यांमुळे अडकलं ना?"

नवऱ्याने धाकटीकडे बघितलं. चुणी कापताना त्याने ती पाहिली होती. आणि शिवणीत कुणाची चूक दिसली की ही बाई गप्प बसत नाही, ते तर लग्नापासून बघत आला होता.

धाकटीने परात पायाने टेबलाखाली सरकवली.

"नाही. दोरे माझे होते," ती म्हणाली. "तुमचे टाके घट्ट होते. एकही उसवला नव्हता."

नवरा काहीतरी बोलणार होता. तो उठून पाणी आणायला गेला.

धाकटीने वरच्या कातडीला पहिला टाका घातला. दुसरा घातला. थोरली कोंबडीची मान तळहातावर तोलून धरून प्रत्येक टाका बघत होती. मास्तरणीने डोळा उघडला होता. आज पाणी पोटात टिकलं आणि उद्या सकाळी ती उभी राहिली तर जगेल. त्याआधी कुणालाच काही सांगता येणार नव्हतं.

"आतलं वेगळं शिवायचं आणि वरचं वेगळं," थोरली हळूच म्हणाली. "अस्तरासारखं. होय ना?"

धाकटीची सुई थांबली.

"मला कुठं ठाऊक होतं," थोरली म्हणाली. "मी दोन्ही एकत्रच धरलं."

वीस वर्षं कोटांना अस्तरं लावणाऱ्या धाकटीने कातडीची कड पुन्हा जुळवली.

"मला तरी कुठं ठाऊक होतं," ती म्हणाली. "आजच कळलं. मान जरा वर धरा, ताई."