बाहुलीचा बाळंतविडा

“ही गोधडी आहे का पाट?” असं म्हणून भिमाबाईंनी ती वीतभर गोधडी फरशीवर कडेवर उभी केली. गोधडी पडली नाही. चांगली ताठ उभी राहिली.

भिकनरावांना राग आला, पण बोलणार काय? एकतीस वर्षं त्यांनी एसटीच्या वर्कशॉपात बसच्या सीटा शिवल्या होत्या. वर कोणी कांद्याचं पोतं आपटलं तरी टाका उसवता कामा नये, एवढंच त्यांच्या हाताला ठाऊक. मग बाहुलीची गोधडीही तशीच निघाली. मेन रोडवरून आणलेलं नवं कोरं कापड, आत दुहेरी कॅनव्हास आणि वरून मशीनची दाट टीप.

“गोधडीला जुनं कापड लागतं, अहो. अंगाला लागून लागून मऊ झालेलं. आणि टीप नाही मारायची, हाताने धावदोरा घालायचा.”

“मग तूच घाल ना चार टाके.”

“मी सुईला हात लावणार नाही,” भिमाबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या. “सहा वर्षांपूर्वी लावला होता. तेव्हा कोणी अडवलं?”

भिकनरावांनी गोधडी उचलून मशीनवर ठेवली. अडवलं होतं ते त्यांनीच.

त्यांची एकुलती एक लेक रोहिणी. तिने मखमलाबादच्या स्वराजशी लग्न केलं ते नोंदणी करून, आणि बापाला कळलं ते दुसऱ्या दिवशी. स्वराजच्या घरी फुलशेती. माणसं कष्टाची, पोरगा निर्व्यसनी. “जातीचं मला काही नाही, पण मला विचारलं नाही,” असं भिकनराव सांगत फिरायचे आणि ते खरंही होतं. वर्षाने रोहिणीला मुलगी झाली, स्नेहा. पहिलं बाळ म्हटल्यावर माहेरहून बाळंतविडा जायला हवा. झबली, टोपडी, दुपटी, मोहरीची उशी आणि आईच्या जुन्या साड्यांची गोधडी. भिमाबाईंनी साड्या काढून एकावर एक अंथरल्या होत्या, सुईत दोरा ओवला होता. तेव्हा भिकनराव गरजले, “या घरातून तिकडे एक चिंधीसुद्धा जाणार नाही!”

आणि गेली नाही. भिमाबाईंनी साड्या घडी करून पेटीत टाकल्या. मात्र दर महिन्याला त्या देवळाली कॅम्पात बहिणीकडे म्हणून जायला लागल्या, आणि येताना त्यांच्या पिशवीत झेंडू असायचा. बहिणीच्या अंगणात तुळससुद्धा धड जगत नाही, हे भिकनरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी कधी विचारलं नाही, बाईंनी कधी सांगितलं नाही.

परवा मात्र जेवताना बाई सरळच बोलल्या. “स्नेहा तिच्या बाहुलीला वर्तमानपत्रात गुंडाळते.” मग म्हणाल्या, “बाळंतविडा न आलेल्या घरातली बाहुली. उघडीच असायची.”

भिकनराव ताटावरून उठले. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. सहा वर्षांच्या पोरीला आता झबलं-टोपडं कुठल्या तोंडाने न्यायचं? गेलेली वेळ गेली. पण सकाळी चहा पिताना त्यांना सुचलं, की पोरीला नाही, तर पोरीच्या बाहुलीला न्यायला काय हरकत आहे? ते त्यांनी बोलून दाखवलं. भिमाबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

“न्या. पण एक टाका माझा नसेल, आणि साडीही माझी नसेल. चूक तुमची, हात तुमचा, कापडही तुमचं.”

पाटासारख्या गोधडीनंतर भिकनरावांनी जुनं कापड शोधायला पेटी उघडली. तळाशी त्यांचा कामावरचा खाकी शर्ट निघाला. कॉलर झिजलेली, पाठ धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. तो त्यांनी उलगडला आणि कात्री लावण्याआधी उगाच एकदा झटकला. आतल्या थरांना जुनी लुंगी, काठाला निळ्या चौकड्याचा रुमाल.

आता खरी परीक्षा सुरू झाली. सीटा शिवायच्या दाभणाएवढ्या सुयांची सवय असलेल्या बोटांत ही सुई सापडेचना. काठापासून सुरुवात करून फेऱ्या घेत घेत मध्यापर्यंत यायचं, तर पहिलीच फेरी नागमोडी झाली. उसवली. पुन्हा घातली, पुन्हा उसवली. दोरा ओढला की कापड चुरगळायचं. सैल सोडला की टाके लोंबायचे. भिमाबाई शेजारी बसून शेंगा सोलायच्या आणि तोंडाने तेवढी मदत करायच्या.

“ओढू नका. बस नाही ती.”

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी हात वळला. टाका बाजरीच्या दाण्याएवढा पडू लागला, आणि भिकनरावांना दुपारची झोप नकोशी झाली. गोधडी झाली, मग बोटभर बाह्यांचं झबलं, बंदांचं टोपडं, दुपटं, कापसाची गादी. शेवटी मोहरीची उशी. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून ही उशी असते. बाहुलीचं डोकं प्लॅस्टिकचं, जे काय व्हायचं ते कारखान्यातच झालेलं. पण बाळंतविडा म्हटला की उशी आलीच!

स्नेहाच्या वाढदिवसाला, रविवारी, दोघं मखमलाबादला निघाले. बसमध्ये भिकनरावांनी गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

“तिने दारातून परत पाठवलं तर?” त्यांनी विचारलं.

“तर परत यायचं,” भिमाबाई म्हणाल्या. “तिने सहा वर्षं वाट पाहिली. तुम्ही अर्धा तास बसमध्ये काढा.”

ओसरीवर स्वराजची आई कलाबाई झेंडूच्या माळा करत बसली होती. व्याह्यांना पाहून ती लगबगीने उठली. “या भाऊ, या! सोराज, पाणी आण रे. रोहिणी, बघ कोण आलंय!”

रोहिणी दारात आली आणि तिथेच थांबली. भिकनराव वाटेत जुळवलेलं सगळं भाषण विसरले. त्यांनी गाठोडं पुढे केलं.

“बाळंतविडा आणलाय. स्नेहाच्या बाहुलीचा.”

“आणि माझ्या मुलीचा?” रोहिणी म्हणाली. “तिला दवाखान्यातून आणलं ते माझ्या ओढणीत गुंडाळून. बाजूच्या खाटेवरची बाई विचारत होती, तुमच्या माहेरी कोणी नाही का?”

स्वराज पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला. भिकनरावांनी गाठोडं तसंच पुढे धरून ठेवलं.

“तो मी येऊ दिला नाही,” ते म्हणाले. “तुझ्या आईने साड्या काढल्या होत्या. मी अडवलं. माझं चुकलं, रोहिणी.”

कलाबाईने हातातली माळ बाजूला ठेवली, ओसरीवर चादर अंथरली आणि कुंपणाशी जाऊन हाळी दिली, “अगं ए सविता, या गं समद्या! आमच्या रोहिणीच्या माहेरचा बाळंतविडा आलाय!”

बाळंतविडा आला की शेजारपाजारच्या बायकांना दाखवायचा, ही रीत. चार-पाच जणी हात पुसत आल्या. सहा वर्षांच्या लेकीच्या आईचा बाळंतविडा म्हटल्यावर आधी तोंडाला पदर लावून हसल्या. पण कलाबाईने एकेक वस्तू मांडायला घेतली तशा त्या वाकून पाहू लागल्या. गोधडी आली तेव्हा तिने ती उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

“उलटी कुठली अन् सुलटी कुठली, कळंना! लय बारीक हात हाय. कोणी शिवली, विहीणबाई?”

“यांनी,” भिमाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा चढलाच. “सगळं यांनीच. माझा एक टाका नाही.”

बायका भिकनरावांकडे बघत राहिल्या. एकतीस वर्षं हजारो माणसं त्यांच्या टाक्यांवर बसून गावोगाव गेली होती. खाली वाकून टाका पाहिला नव्हता कोणी. भिकनरावांची मान आपोआप ताठ झाली, आणि त्याच वेळी डोळे भरून आले ते आलेच.

रोहिणी चादरीपाशी खाली बसली. गोधडीचं खाकी कापड तिने बोटांनी चाचपलं.

“हा तुमचा कामावरचा शर्ट ना, बाबा?”

“हो.”

तिने गोधडी गालाला लावली आणि इतकी रडली, की कलाबाईला तिची पाठ चोळत बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने आत हाक मारली, “स्नेहा! बाहुली घेऊन ये. तुझे आजोबा आलेत.”

स्नेहाने आजोबांकडे एकदा नीट निरखून पाहिलं आणि आधी कामाचं पाहिलं. झबलं चढवलं, टोपड्याचे बंद बांधले, खोलीच्या मध्यभागी गादी घातली, उशी ठेवली, बाहुलीला निजवून वर गोधडी पांघरली. मग सगळ्यांना दटावलं, “आता कोणी मोठ्यांदा बोलायचं नाही. ती झोपलीय.”

पानं वाढली ती झोपलेल्या बाहुलीच्या चहूबाजूंनी. तीन वाफ्यांपलीकडे हाळी पोचवणारी कलाबाईसुद्धा कुजबुजून आग्रह करू लागली. भिकनरावांना डाळ हवी होती. त्यांनी वाटी उचलून दाखवली. रोहिणीने भांड्याला पळी लागू न देता ती भरली, आणि आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी जेवायला बसली.