भावोजींचं नाजूक हृदय

ताई दोनदा चक्कर येऊन पडली, एकदा ऑफिसच्या जिन्यात आणि एकदा घरी ओट्याशी, तेव्हा कुठे भावोजी तिला दवाखान्यात न्यायला तयार झाले. सोबत मी होतेच. तिथे ताईच्या हृदयाचा आलेख काढायचं ठरल्यावर भावोजी म्हणाले, "आलोच आहोत तर माझाही काढून टाका." मिळतंय ते सोडायचं नाही, हा त्यांचा बाणा. पण छातीला वायरी चिकटवणार हे कळताच त्यांचं तोंड एवढंसं झालं. "तू हो पुढे," ते ताईला म्हणाले. संगणकात नाव त्यांचं आधी गेलं होतं, खाटेवर ताई आधी गेली. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

ताईचं सगळं ठीक निघालं. "टेन्शन घेऊ नका, झोप पूर्ण करा," डॉक्टर म्हणाले. भावोजींचा कागद बघताना मात्र त्यांनी चष्मा पुसला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो, तो म्हणे लांबला होता. अशाने ठोके बिघडू शकतात. विश्रांती घ्या, जिने चढू नका, पुन्हा आलेख काढू. भावोजींना कोणत्या गोळ्या चालू आहेत, वडील कशाने गेले, सगळं विचारून झालं. ताईला काहीच विचारलं नाही.

मग घरात काय थाट! भावोजी पलंगावर, उशाशी पाणी, टीव्हीचा आवाज बारीक. "अगं, धडधडतंय गं," म्हणत ते सारखी हाक मारायचे. माझ्या लेकाने संसारासाठी जिवाचं रान केलं, असं ताईच्या सासूबाई फोनवर जगाला सांगत होत्या. आणि ताई भिंत धरून धरून त्यांच्यासाठी बिनमिठाचं रांधत होती. माझा नुसता तिळपापड होत होता. "बस जरा," म्हटलं की म्हणायची, "यांना काही झालं तर?"

भावोजींचा दुसरा आलेख अगदी ठणठणीत आला. डॉक्टरांनी आधीचे कागद शेजारी ठेवले, त्या दिवशी खाटेवर आधी कोण झोपलं होतं ते विचारलं आणि मोकळेपणी हसले.

"म्हणजे हा कागद बाईंचा! मग घाबरायचं कारण नाही. बायकांचा हा वेळ मुळातच थोडा जास्त असतो. यांचा त्याहून किंचित वर आहे, चालतं."

भावोजी लगेच बूट घालू लागले.

"काय चालतं?" माझा आवाज चढला. "कागद यांचा होता तोवर यांनी जागचं हलायचं नव्हतं! आणि डॉक्टर, पडलं कोण होतं?"

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी पहिल्यांदाच ताईला विचारलं, "तुम्ही काही गोळ्या घेता?"

"चक्कर यायच्या आधीपासून घसा धरलाय ना. बरं वाटल्यावर यांनी घशाच्या गोळ्यांचा कोर्स अर्धाच सोडला. म्हटलं, फुकट कशाला घालवायच्या?" ताईने पर्समधून पाकीट काढून दिलं.

नाव वाचून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "या आधी बंद करा. या गोळ्यांनी तो वेळ आणखी ताणला जातो, आणि बायकांना त्याचा धोका जास्त. आत्ताच ॲडमिट व्हा, ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागेल."

"आत्ताच?" भावोजी म्हणाले. "मग माझ्या जेवणाचं काय?"

ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "इतके दिवस जे हृदय जपलं, ते माझंच निघालं," ती म्हणाली. "आता मी तेच जपते. तुमचं ठणठणीत आहे, तुम्ही रांधा."