समोरची बशी

अमिरुन्निसाने एकदा बोललेला शब्द मागे घेतल्याचं दाभोळच्या खाडीच्या दोन्ही काठांवर कोणाला आठवत नव्हतं. सौदीत दम्मामला लेकाकडे पाहुणी म्हणून आली, पण चार दिवसांत पाहुणं कोण आणि घरचं कोण ते सगळ्यांना कळून चुकलं.

तिच्या हम्मादची बदली देशाच्या दुसऱ्या टोकाला, राबिघला झाली होती. तिथे कंपनी एकट्या पुरुषांच्या कॅम्पात जागा देणार, बायकामुलांना नाही. रात्रीच्या जेवणाला विषय निघाला तेव्हा अमिरुन्निसाने घास गिळायच्या आत निकाल देऊन टाकला.

"सुरैया आणि तुझी अरवा माझ्याबरोबर गावाला येतील. तू इथे कमव, त्या तिथे राहतील. तुझ्या बापाने जन्म असाच काढला. काय वाईट झालं आपलं?"

हम्मादने मान डोलावली. सुरैया भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही, म्हणजे तिला मान्य आहे असं सगळ्यांनी धरलं. सुरैया नुसती सून नव्हे, अमिरुन्निसाच्या सख्ख्या भावाची लेक. लग्नानंतरही ती सासूला फुफीच म्हणायची.

गावी वरचा मजला रंगवून तयार होता. सुनेची सोय होईल, असं अमिरुन्निसा शेजारणींना सांगून आली होती. सोय नेमकी कोणाची होणार, ते तिचं तिला ठाऊक होतं. नवरा, नसरुद्दीन, गेल्यापासून त्या घरात भांडायलासुद्धा माणूस उरलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिकिटं काढायची ठरली. रविवारी ऑफिसं उघडली की मायलेकींचे इकामे, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, रद्द करायचे, मग खलास. पुन्हा यायचं म्हटलं तर सगळी पहिल्यापासून सुरुवात.

त्या शुक्रवारी जुम्मा झाला, जेवणं झाली, दस्तरखान पुसला गेला. अरवाने टीव्हीवर एक जुना विलायती सिनेमा लावला. काळापांढरा. शाळेतल्या बाईंनी बघून त्यावर लिहून आणायला सांगितलं होतं. नवराबायकोची गंमत होती म्हणे.

"ही फटाफट काय बोलतात गो?" अमिरुन्निसाने विचारलं.

"दादी, इंग्लिश है. तुझे नहीं समझेगा."

"मला नाय समजणार? थोबाड बघून समजतं सगळं. आवाज बंद कर तो. मी सांगते."

अरवाने आवाज बंद केला आणि दादीने सिनेमा हातात घेतला. पडद्यावर एक बाई बॅग घेऊन गाडीत बसली. पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी असलेला नवरा रुमाल हलवत होता.

"जा गो बाय, सांभाळून जा," अमिरुन्निसा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझी काळजी करू नको. मी काय, रोज रडेन." आणि लगेच आपल्या आवाजात, "बघा, गाडी हलली नाय तोवर मिशीला पीळ."

मग शेजारीण आली. गळ्यात केसाळ जनावर गुंडाळलेलं.

"अहो, वाटीभर साखर मिळेल? वाटी तर आणलीच नाय हिने, ओच्यातून नेणार? आणि गळ्यात मेलेलं मांजर घालून साखर मागायला कोण जातं?"

अरवा हसून लोळायला लागली. हम्माद डोळे पुसत होता. सुरैयासुद्धा कपडे घड्या करता करता हसली. नवऱ्याने शेजारणीला कपाटात लपवलं, दारात पोस्टमन आला, आतल्या शिंकेने कपाट हललं. अमिरुन्निसाने शिंकसुद्धा सोडली नाही.

आणि मग पडद्यावर ती बायको आली.

समुद्रकाठचं हॉटेल होतं. टेबल दोघांचं, ती एकटी. वेटर आला, वाकून काही बोलला, आणि समोरची रिकामी बशी आणि काटाचमचा उचलून घेऊन गेला. बाई हातमोजे काढत बसली. एक बोट, मग दुसरं बोट. तिचे ओठ हलत होते, पण समोर कोणी नव्हतं.

"बोलो ना दादी! वो क्या बोलती है?"

अमिरुन्निसाने तोंड उघडलं.

"म्हणते..." ती म्हणाली, "म्हणते, आज आमटीत मीठ जास्त पडलं."

अरवा खुदकन हसली.

"म्हणते, काल वाऱ्याने माडाची झावळी कौलांवर पडली. मी एकटीने ओढून काढली. कोणाला सांगू? सांगण्यासारखं काय आहे त्यात? म्हणते, फोन येईल तेव्हा हे सांगायचं नसतं. तेव्हा म्हणायचं, सगळं बरं आहे, तुम्ही बरे ना."

आता कोणी हसत नव्हतं. पडद्यावर मिशीवाला कपाटाशी झटत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सुरैयाच्या हातातला हम्मादचा शर्ट तसाच अर्धा घडी केलेला राहिला.

अमिरुन्निसाला नसरुद्दीनची आठवण झाली. दम्मामच्या बंदरावर उमर घालवून तो कायमचा घरी आला, तेव्हा तिने हौसेने भेंडी केली होती. ताट जसंच्या तसं परत आलं. त्याला भेंडी चालत नाही, हे लग्नाच्या बायकोला त्या दिवशी कळलं. दोघं समोरासमोर बसून खाली बघत जेवायची, गाडीत भेटलेल्या परक्यांसारखी. जरा ओळख होते न होते, तोवर दुखण्याने त्याला नेलं.

"बंद कर तो सिनेमा," ती म्हणाली. मग लेकाकडे वळली. "राबिघजवळ मोठं शहर कुठलं?"

"जेद्दा. का?"

"तिथून कामावर जाता येत नाय?"

"कंपनीची बस आहे, अम्मा. पण पहाटे निघायचं, रात्री यायचं. रोज."

"रात्री येशील ना? मग झालं. जेद्दाला घर बघ. या दोघी कुठे जात नाहीत."

हम्माद तिच्याकडे बघतच राहिला. "अम्मा, तूच तर म्हणालीस..."

"म्हणाले होते. आता दुसरं म्हणते. जीभ माझीच आहे, भाड्याने आणलेली नाय."

तेवढ्यात सुरैयाने शर्ट खाली ठेवला.

"फुफी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "पाठवायचं ठरलं तेव्हा तुम्ही मला विचारलं नाही. आता ठेवायचं ठरलं, तेव्हाही नाही."

एवढ्या वर्षांत अमिरुन्निसाला समोरून असं कोणी बोललं नव्हतं. जिभेवर उत्तरं भराभर येऊन उभी राहिली, एकापेक्षा एक धारदार. तिने ती गिळली. गिळायची सवय नसल्याने वेळ लागला.

"बरं," ती म्हणाली. "विचारते. काय पाहिजे तुला?"

मनाच्या एका कोपऱ्यात तिला वाटत होतं, भावाची पोर आहे, माझ्याच मांडीवर वाढलेली. म्हणेल, नको फुफी, तुम्ही एकट्या कशा राहाल, मी येते तुमच्याबरोबर.

सुरैयाने हम्मादकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला जेद्दाला जायचंय," ती म्हणाली.

अमिरुन्निसाने मान डोलावली. एकदा डोलावली, मग उगाच पुन्हा. डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला. अरवा काहीतरी बोलणार होती, तिला आईने डोळ्यांनी दाबलं.

"ऐकलंस?" ती लेकाला म्हणाली. "काढ मग माझं एकटीचं तिकीट. आणि खिडकीजवळचं काढ. येताना मधे बसवलं होतंस, दोन्हीकडचे मेले घोरत होते."