चहाडखोर पेन

लोणावळ्याजवळ वलवणच्या रस्त्यावर, रेल्वेच्या रुळांकडे पाठ करून मुक्ताबाई वाळुंज यांचं वर्कशॉप होतं. नवरा अचानक गेला तेव्हा दीर-भावांनी शॉप विकून टाकायचा सल्ला दिला. मुक्ताबाईंनी तो नीट ऐकून घेतला आणि तेरावं झाल्यावर सकाळी भोंग्याच्या आधी येऊन नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. त्यानंतर त्या विषयावर कुणी बोललं नाही.

शॉपची सगळी मदार मोठ्या बोरिंग मशीनवर होती. त्याचा स्पिंडल म्हणजे मांडीएवढा जाड पोलादी दांडा. पुढच्या टोकाला हत्यार बसवायचं आणि फिरणाऱ्या त्या दांड्यानं ओतीव लोखंडाच्या पोटात केसभरही चूक न करता गोल भोक करायचं. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या गिअरबॉक्सच्या पेट्या याच मशीनवर होत. आदल्या वर्षी या स्पिंडलचं बेअरिंग चालता चालता फुटलं होतं. नवीन बेअरिंग परदेशातून यायचं, त्याला परवाना लागायचा. ते हातात पडेपर्यंत अख्खा पावसाळा मशीन ताडपत्रीखाली झाकून ठेवावं लागलं होतं.

म्हणून त्र्याहत्तर साली मुक्ताबाईंनी गोरख ओव्हाळला कामावर घेतलं. गोरख वलवणचाच. वडील रेल्वेत गँगमन. गोरखनं पुण्याला डिप्लोमा केला होता आणि बंगळूरच्या एका मोठ्या मशीन कारखान्यात चार-पाच वर्षं देखभालीच्या खात्यात काढली होती. मुलाखतीत मुक्ताबाईंनी एकच प्रश्न विचारला होता.

"बेअरिंग फुटायच्या आधी कळेल का?"

"कळेल," गोरख म्हणाला होता. "फुटायच्या आधी ते बरेच दिवस थरथरतं, मग तापतं. माणसाच्या हाताला ते फार उशिरा कळतं. आपण त्याच्यावर लक्ष ठेवणारं यंत्र बसवू."

त्यानं ते बसवलंही. स्पिंडलच्या पुढच्या बेअरिंगजवळ, बाहेरच्या कवचावर एक लहानशी डबी आवळली. तिच्या पोटात लोहचुंबक आणि तारेची गुंडाळी होती. स्पिंडल थरथरला की गुंडाळीत वीज निर्माण व्हायची, जितकी थरथर जास्त तितकी वीज जास्त. शेजारीच बेअरिंगच्या घरात दोन धातूंच्या तारा जोडून सोडल्या, त्या उष्णता सांगायच्या. दोन्हीकडच्या तारा भिंतीवरच्या काचेच्या पेटीत जायच्या. पेटीत कागदाची गुंडाळी हळूहळू उलगडत राहायची आणि तिच्यावर दोन पेनं रेघ ओढत राहायची. निळी रेघ थरथरीची, तांबडी उष्णतेची. पहिल्या दिवशी दोन्ही रेघा शांतपणे चालू लागल्या तेव्हा गोरखनं रुमालानं काच पुसली आणि आपल्याच कामावर खूश होऊन बराच वेळ तिथं उभा राहिला.

मशीन चालवायचे केरबा तिकोने. मुक्ताबाईंच्या नवऱ्यानं पहिल्यांदा कामावर घेतलेला माणूस. हत्याराला धार लावण्यापासून जॉब, म्हणजे कापायचा लोखंडी भाग, टेबलावर बांधण्यापर्यंत सगळं ते स्वतः करायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. पेटीकडे त्यांनी सुरुवातीला लक्षच दिलं नाही. "तुझं तू बघ, गोरखा. माझं मी बघतो," एवढंच म्हणाले.

बिनसलं ते दुसऱ्या आठवड्यात. गोरख रोज संध्याकाळी कागद फाडून ऑफिसात नेऊन दाखवायचा. मुक्ताबाई हुशार होत्या. त्यांच्या लक्षात आलं की निळी रेघ जिथं तळाला जाऊन सरळ झोपते, तिथं स्पिंडल बंद असतो. एका दुपारी त्या कागद हातात घेऊनच शॉपमध्ये आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "केरबाभाऊ, काल जेवणानंतर मशीन इतका वेळ उभं का होतं?"

शॉपमधली कातकामाची लेथ यंत्रं एकदम हळू झाल्यासारखी वाटली. केरबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"बाई, काल जेवनानंतर मी गिअरबॉक्सची नवी पेटी टेबलावर बांदत व्हतो. मापाचा डायल लावून चारी कोपरं बघावं लागत्यात. स्पिंडल उभा असतो तवाच माझं खरं काम असतं. त्ये या पेनाला कसं दिसायचं?"

"मी फक्त विचारलं," मुक्ताबाई म्हणाल्या.

"धन्यानं मला असं कदी इचारलं न्हाई." केरबांनी पक्कड उचलली, सरळ मशीनपाशी गेले आणि सगळ्यांच्या देखत डबीची तार कापली. मग पक्कड जागच्या जागी ठेवली. "आता इचारा त्या चहाडखोराला."

मुक्ताबाई ऑफिसात परत गेल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. लेथवरचा एकजण हसला. त्या दिवसापासून पेटीला चहाडखोर हेच नाव पडलं.

गोरख मागोमाग ऑफिसात गेला. मुक्ताबाईंनी त्याला बसायलाही सांगितलं नाही.

"नवी तार टाका. आणि केरबाभाऊंचं काय करायचं ते मी बघते."

"तार टाकतो," गोरख म्हणाला. "पण बाई, चूक त्यांची नाही. ते यंत्र मी बेअरिंगसाठी बसवलंय, माणसासाठी नाही. बेअरिंगची तब्येत मोजायची तर रोज मशीन चालवणारा माणूस आपल्या बाजूला पाहिजे. त्यानं रोज तार कापली तर मी रोज जोडत बसू का?"

"म्हणजे मी माझ्या शॉपमध्ये काय चाललंय ते विचारायचं नाही?"

"विचारा की. पण कागद दाखवून नको. कागद आता ऑफिसात येणार नाही. मशीनपाशीच राहील आणि केरबाभाऊ तो वाचतील. मला जे कळतं ते मी त्यांना शिकवीन. हे तुम्हाला पटत नसेल तर पेटी मी आजच उतरवतो."

मुक्ताबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. इतक्या सरळ कुणी आपल्याशी बोलावं याची त्यांना सवय नव्हती. पण आदल्या वर्षीची ताडपत्री त्या विसरल्या नव्हत्या.

"उतरवू नका," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि केरबाभाऊंशी मीच बोलते."

त्या काय बोलल्या ते कुणाला ऐकू आलं नाही. मशीनच्या पलीकडे उभ्या राहून त्या हळू आवाजात बोलत होत्या आणि केरबा मान खाली घालून हत्यार पुसत होते. शेवटी केरबा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, बाई." मग त्यांनी गोरखला हाक मारली. "ये रं. तार जोड. आन् मला सांग हे निळं काय म्हनतंय त्ये."

केरबा शिकले, आणि आवडीनं शिकले. जाड काप घेतला की निळी रेघ वर उडते, शेवटच्या बारीक कापाला खाली बसते, सकाळी थंड मशीन चालू केलं की तांबडी हळूहळू चढते आणि जेवणाच्या सुमाराला स्थिर होते, हे सगळं त्यांनी चटकन ओळखलं. गोरखनं त्यांना एक शिस्त घालून दिली. रोज सकाळी जॉब न लावता, एकाच वेगानं स्पिंडल थोडा वेळ मोकळा फिरवायचा आणि त्या वेळची रेघ कालच्या रेघेशेजारी धरायची. काम रोज वेगळं असतं, पण ही रेघ रोज सारखी यायला हवी.

पावसाळा सरला, आणि ती रेघ सारखी येईनाशी झाली. आधी किंचित वर. मग आणखी वर. केरबांनी कागद एकावर एक धरून उजेडात पाहिले आणि गोरखला बोलावलं.

"चढतंय."

"चढतंय," गोरख म्हणाला. त्याला हुरूप आला. ज्यासाठी हे सगळं केलं होतं ते समोर दिसत होतं. त्यानं त्याच दिवशी मुक्ताबाईंना मुंबईच्या व्यापाऱ्याकडे बेअरिंगचा जोड मागवायला सांगितला. व्यापाऱ्याकडे सुदैवानं एक जोड शिल्लक होता. मुक्ताबाईंनी तो मागवला, पण मशीन उघडायला त्या तयार होईनात. डेपोच्या पेट्यांची मुदत जवळ आली होती.

"मागं रूळ आहेत," त्या म्हणाल्या. "मळवलीकडून मालगाड्या येतात तेव्हा माझ्या टेबलावरचा पेला हलतो. तुमच्या डबीला तेच कळत असेल. गाड्याही वाढल्यात हल्ली."

गोरख म्हणाला, "शंका बरोबर आहे. आत्ताच बघू. तुम्हीही चला."

तिघं मशीनपाशी उभे राहिले. गोरखनं स्पिंडल बंद ठेवला आणि कागद चालू केला. निळी रेघ तळाला सरळ चालली. थोड्या वेळानं मालगाडी आली, जमीन हादरली, खिडकीची काच वाजली. पेनानं एक लहान उंचवटा काढला आणि गाडी लोणावळा स्टेशनाकडे गेल्यावर ते परत तळाला आलं.

"ही गाडी," गोरख म्हणाला. "आता केरबाभाऊ, स्पिंडल सोडवा आणि नुसती मोटर चालू करा."

केरबांनी बाजूची मूठ ओढून स्पिंडल मोटरपासून मोकळा केला. मोटर घुमू लागली. रेघ जराशी वर आली आणि तिथंच राहिली.

"ही मोटर. आता स्पिंडल जोडा."

स्पिंडल फिरू लागला तशी रेघ उसळली, गाडीच्या उंचवट्याच्या कितीतरी वर गेली आणि खाली यायचं नाव घेईना. रुळांवर तेव्हा काहीच नव्हतं. मुक्ताबाईंनी खिडकीतून मुद्दाम वाकून पाहिलं.

"स्पिंडलच," त्या म्हणाल्या. मग केरबांकडे वळल्या. "तुम्ही काय म्हणता?"

"आताच्या आता उघडावं असं गोरख म्हनंल," केरबा म्हणाले. "पन टेबलावरली पेटी अर्धी झालीया. ती उतरवली तर परत तशीच बांदनं अवघड. म्या म्हनतो, वेग कमी करून ही एक पुरी करू. पेनावर नजर ठिवू."

गोरखनं विचार केला. त्यानं काचेवर तांबड्या खडूनं एक आडवी रेघ मारली. "निळं पेन इथपर्यंत आलं की जॉब कुठंही असो, मशीन बंद. बाई, हे तुम्हालाही मान्य पाहिजे. इथून पुढं नेलं तर बेअरिंगबरोबर स्पिंडलही घासला जाईल, आणि तो दांडा आपल्याला कुठं मिळायचा नाही."

"मान्य," मुक्ताबाई म्हणाल्या आणि तिथंच एक स्टूल ओढून बसल्या.

केरबांनी वेग उतरवला आणि काप सुरू केला. गोरख पेटीपाशी उभा राहिला. एक भोक झालं, दुसरं झालं. तांबडी रेघ कधी नव्हे इतकी चढली होती. शेवटच्या भोकात हत्यार शिरलं, निम्म्यापर्यंत गेलं, आणि निळं पेन खडूच्या खाली बोटभर राहिलं. मुक्ताबाई उठून उभ्या राहिल्या. गोरख काही बोलायच्या आत पेन खडूला टेकलं आणि त्याच क्षणी मशीन थांबलं. केरबांची नजर पेनावरच होती. त्यांचा एक हात चाकावर होता, दुसरा बटणावर.

"बोली म्हंजे बोली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिंडल बाहेर काढला. गोरखनं पुढचं बेअरिंग रॉकेलनं धुऊन पांढऱ्या कापडावर ठेवलं. त्यातले गोल रोलर चकचकीत होते, आतली कडी चकचकीत होती. केरबांनी ते फिरवून पाहिलं आणि परत कापडावर ठेवलं. सगळं शॉप भोवती जमलं होतं. चांगलं बेअरिंग उगाच काढलं, असं कुणीतरी मागून पुटपुटलं.

"बाहेरची कडी पाहू," गोरख शांतपणे म्हणाला.

ती जड कडी मुक्ताबाईंनीच उचलली आणि दारात उन्हाला नेली. पदरानं पुसून त्या ती हळूहळू फिरवत राहिल्या. मग थांबल्या.

"इथं बघा."

कडीच्या आतल्या बाजूला करंगळीच्या नखाएवढा पोलादाचा पापुद्रा निघाला होता आणि त्याच्याभोवती देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे होते. केरबांनी पाहिलं, लेथवाल्यांनी पाहिलं, ज्यानं पुटपुट केली होती त्यानंही वाकून पाहिलं. गोरखनं स्पिंडलची बेअरिंग बसायची जागा तपासली. तिच्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

नवीन बेअरिंग तेलात तापवून केरबांनी आणि गोरखनं मिळून बसवलं. तापलेली कडी स्पिंडलवर सरकली तेव्हा दोघांनी एकदमच श्वास सोडला. मशीन जोडून चालू केलं. निळी रेघ तळाच्या जवळ, सरळ. अर्धं राहिलेलं भोक केरबांनी डायल लावून पुन्हा जुळवलं. त्याला अख्खी सकाळ गेली आणि त्या अख्ख्या सकाळी मुक्ताबाई मशीन का उभं आहे हे विचारायला आल्या नाहीत. डेपोच्या पेट्या एका आठवड्यानं उशिरा गेल्या. मुक्ताबाईंनी डेपोत स्वतः जाऊन कारण सांगितलं आणि पुढचं कामही घेऊन आल्या.

दिवाळीनंतर त्यांनी गोरखला बोलावलं. "लेथवरही असंच बसवायचं म्हणते. पण ते लोक अजून त्याला चहाडखोरच म्हणतात. त्यांना तुम्ही समजावाल का?"

"मी समजावलं तर ते मान हलवतील," गोरख म्हणाला. "केरबाभाऊंना सांगू दे."

केरबांनी आढेवेढे घेतले नाहीत. चहाच्या सुट्टीत ते हात धुऊन लेथच्या ओळीत गेले, एका खोक्यावर बसले आणि सगळे जमेपर्यंत थांबले.

"ह्यात भ्यायचं काय न्हाई," ते म्हणाले. "ते तुमच्यावर न्हाई, लोखंडावर लक्ष ठिवतं. आन् कागद तुमच्याच हातात ऱ्हानार, ही बाईंची बोली हाय. आता इचारा काय इचारायचं त्ये."

पहिला हात, बेअरिंग उगाच काढलं म्हणून पुटपुटला होता त्यानंच वर केला.