चार सेंटिमीटरची बांगडी

१९७४ साली मी किन्हीराजाच्या उपकेंद्रात नर्स होते. वजनकाटा एकच, तोही जागचा हलायचा नाही. तांड्यावर टेप काढली की बाया लेकरं पदराखाली घेत. लेकराचं माप घेतलं की ते वाढत नाही, म्हणायच्या. म्हणून मी कासाराकडून चार सेंटिमीटर व्यासाची पितळी बांगडी करून घेतली. बांगडीला कोण नाही म्हणणार? मुठीवरून चढवायची, कोपराच्या वर सरकली तर लेकरू खंगलेलं, खालीच अडकली तर बरं. या युक्तीचा मला भारी तोरा होता.

दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला. मुकादमाचा ट्रक दुपारी जवळच्या मालेगावहून सुटणार होता. सकाळी तांड्यावर सोनीबाईनं आपला दीड वर्षाचा सेवालाल पुढे केला.

"लय किरकिर करून राह्यला, बाई. नेऊ का? तुमी नाही म्हटलं त मी मांगंच राहीन."

बांगडी कोपराखाली अडकली. "ने खुशाल," मी म्हणाले.

"गाल पाह्य ना त्याचे," तिची सासू भुरीबाई हसली. "नर्सबाईपक्षा गुबगुबीत हाये!"

परतताना जिवाला चैन पडेना. काय राहिलं? औषध दिलं, नोंद केली. नाल्यापाशी आल्यावर आठवलं. बांगडी काढली तरी तिचा खोलगट वळ सेवालालच्या हातावर तसाच होता, ओल्या मातीत बोट रुतावं तसा. ते बाळसं नव्हतं, खंगल्यानं आलेली सूज होती.

मालेगावच्या रस्त्यानं सायकल दामटली. चेन दोनदा निघाली. पोचले तेव्हा ट्रक सुरू झालेला. वर चढून मी सेवालालच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना.

"उतर, सोनीबाई."

"सकाळी त ने म्हणे! आता काहून?" भुरीबाई खेकसली. "तुयी बांगडी खोटी का तू खोटी?"

"मी चुकले."

मुकादम हॉर्न वाजवतच होता. सोनीबाईनं तो खड्डा पाहिला आणि उतरली. भुरीबाईनं शिव्या देत बोचकं खाली फेकलं नि मागोमाग तीही उतरली.

मालेगावच्या दवाखान्यात दूध, तेल, साखर चमच्याचमच्यानं सुरू झालं. मी रोज जाऊन अंगठा दाबायचे. आठव्या दिवशी सूज ओसरली. भुरीबाईनं बांगडी मागून घेतली नि नातवाच्या हातात चढवली. काडीसारखा हात, बांगडी थेट खांद्यापर्यंत गेली.

"आता खरं बोलली," ती म्हणाली.

आणि सेवालाल, आठवड्यात पहिल्यांदाच, चमच्यासाठी तोंड वासून ओरडत होता.