बराबर टाइप केलेला उतारा

दिव्यांगांसाठी राखीव जागेची मराठी टायपिंगची परीक्षा, आणि हॉलमधल्या एकाही कॉम्प्युटरवर अक्षरं मोठी करायची सोय चालू नव्हती. आता यावर हसायचं की रडायचं, तुम्हीच सांगा.

हिंगोलीतल्या एका संस्थेत लिपिकाची ती एकच जागा होती. वयाच्या अटीत मी यंदाच बसत होते, पुढच्या वर्षी नाही. हळदीच्या कामावर खाडा करून बाबा कुरुंद्याहून सोबत आले होते, ते बाहेर थांबले.

"सर, मला मॅग्निफायर लागतो," मी पर्यवेक्षक शिवशंकर सरांना म्हणाले. "स्क्रीन मोठी केल्याबिगर दिसत न्हाई. मी लावून घेऊ का?"

"सेटिंगला हात लावायचा न्हाई. मी देतो करून."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवर घेतला, मॅग्निफायरचं नाव टाइप करून तो शोधला आणि अक्षरं बोटभर मोठी करून दिली. मला इतकं बरं वाटलं की दोनदा थँक्यू म्हणाले.

अक्षरं एवढी झाली की माऊस नेऊ तिथला स्क्रीनचा एक तुकडाच समोर राहतो, त्यात जेमतेम चार शब्द मावतात. वर उतारा असतो, खाली आपण टाइप करतो ती चौकट. दोन्ही एकदम दिसत नाहीत. म्हणून मी स्वतःला सवयच लावली होती, नजर उताऱ्यावर ठेवायची आणि खाली बघायचंच नाही. बघण्यात फार वेळ जातो.

बोटं काय धावली त्या दिवशी! जोडाक्षरं, रफार, कुठेच अडले नाही. सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, कौतुकानं बघताहेत. मी आणखी जोर लावला.

उतारा संपला, थोडा वेळ उरला. मोठ्या ऐटीत मी माऊस खाली नेला.

खाली सगळी इंग्रजी अक्षरं. कशाला काही अर्थ नाही, ओळीमागून ओळ. कीबोर्ड इंग्रजीवरच राहिला होता. भाषेची बारकी खूण स्क्रीनच्या कोपऱ्यात असते, ती माझ्या तुकड्यात आलीच नव्हती.

भाषा बदलून पुन्हा सुरू केलं, पण एक ओळ होते न होते तोच वेळ संपली.

"सर, तुमी मागं उभे होता. तुमाला दिसत होतं. सांगितलं काहून न्हाई?"

"मला वाटलं, तुला दिसून राहिलं आसंल," सर हळू आवाजात म्हणाले. "आन् परीक्षेत आमाला बोलता येत न्हाई."

"पर एकेक बटण बराबर दाबलंय, सर. त्याच बटणांचं मराठी करून बघा, पुरा उतारा निघंल. हात जोडते."

"तपासणी मशीन करतं, बाई. माझ्या हातात काय हाय?"

असा संताप आला होता की कीबोर्ड उचलून आपटावा. आपटला नाही, कारण हात जोडलेले होते.

बाबा फाटकाशी उभे होते. मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं निम्मंही कळलं नसावं. जरा विचार करून त्यांनी विचारलं,

"पर तू बराबर टाइप केलंस ना?"

"व्हय बाबा. एक बी चूक न्हाई."

"मंग नोकरी तुलाच की! रडून काहून राहिली, माय?"