भर दुपारी घासलेले दार

मित्रांनो, मला जुना म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. निकामी मात्र म्हणू नका. मी लाकूड घासून गुळगुळीत करणारा सँडर आहे. माझ्या पोटात मोटर आहे आणि तळाशी चौकोनी गादी. तिला पॉलिश पेपर लावून बटण दाबले, की ती इतक्या बारीक गिरक्या घेते की डोळ्यांना नुसती थरथर दिसते.

कारखान्यातून मी थेट एका सुतारमिस्त्रींच्या हाती पडलो. त्यांच्याबरोबर मी कपाटे घासली, टेबले घासली, नव्या बाळाचा पाळणाही घासला. गिऱ्हाईक लाकडावरून तळवा फिरवून म्हणे, "वा, काय हात आहे मिस्त्रींचा!" हात मिस्त्रींचा, हे कबूल, पण त्या हाताखाली कोण होते, हे कोणी विचारले नाही. पुढे गोल तळाचे मोठे मशीन आले आणि माझी रवानगी फळीवर झाली. माझी भुशाने भरलेली पिशवीसुद्धा कोणी झटकली नाही.

मिस्त्रींची थोरली बहीण त्याच घरात राही आणि शिवणकाम करी. सगळी गल्ली तिला ताई म्हणे. एका सकाळी तिने खिडकीतून पाहिले, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या गाडीने वर्तमानपत्रे टाकणाऱ्या म्हाताऱ्याला सायकलसकट उडवले आणि दुकानदार गाडी न थांबवता निघून गेला. म्हाताऱ्याचा पाय मोडला. ताईने जे पाहिले ते पोलिसांना सांगितले. दुकानदार सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा माणूस. त्यामुळे गल्लीला हे रुचले नाही. थोड्याच दिवसांत आमच्या दारावर कोणीतरी खिळ्याने कोरले: 'चुगलखोर'.

मिस्त्री म्हणाले, "ताई, वरून रंग मारून टाकू. उगाच चव्हाट्यावर कशाला आणायचं?"

"चव्हाट्यावर आहेच की ते! दार काय कपाटात ठेवलंय? घासून काढ."

"मला नाही जमायचं. त्याच्या दुकानाचं काम माझ्याकडे आहे. सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल."

"मग मी काढते."

मोठे मशीन तिच्या हाताला पेलेना, म्हणून तिने मला उचलले. यंत्राशी तिचा संबंध शिवणयंत्रापुरता. तिने मला दारावर असे दाबून धरले, जणू ते कोरणारा मीच होतो! गादी फिरेना, मोटर कण्हू लागली, लाकडावर गोल गोल ओरखडे उठले.

मिस्त्रींना ते बघवेना. "अगं, दाबतेस काय अशी? नुसता हात ठेव. त्याच्या वजनानंच काम होतं. त्याच्यावर कशाला राग काढतेस?"

"मग कोणावर काढू?"

मिस्त्री दाराजवळ आले. दारावरचा शब्द त्यांनी तेव्हाच बहुधा पहिल्यांदा नीट वाचला. मग हळूच म्हणाले, "नुसती अक्षरं घासलीस तर तिथे खळगा पडेल. तिरपं ऊन आलं की तोच शब्द परत दिसेल. सगळं दार एकसारखं उतरवायला हवं."

त्यांनी बिजागऱ्या सोडवल्या आणि दार गल्लीच्या मधोमध दोन स्टुलांवर आडवे ठेवले. माझी पिशवी झटकली. बहीणभावांनी नाकाला फडकी बांधली आणि आळीपाळीने मला चालवले. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक; लाकडाच्या रेषांच्या दिशेने, सावकाश. मित्रांनो, मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी गुणगुणलो नव्हतो. खिडक्या उघडू लागल्या.

दुकानदार स्वतः आला. "मिस्त्री, केवढा हा आवाज! लोकांना त्रास होतो."

मिस्त्रींचा हात थबकला. ताईने मला त्यांच्याकडून घेतले, बटण बंद केले आणि दुकानदाराला म्हणाली, "हे कोरताना आवाज झाला नाही, भाऊ. पुसताना होणारच." आणि तिने बटण पुन्हा दाबले.

संध्याकाळपर्यंत दार कोरे करकरीत झाले. पुढच्याच आठवड्यात त्यावर तोच शब्द पुन्हा उमटला. या वेळी ताई काही बोलायच्या आतच मिस्त्रींनी बिजागऱ्या सोडवायला घेतल्या. दुकानाचे काम त्यांच्या हातून गेले होते, तरी शेजाऱ्याला ते ऐकू जाईल असे म्हणाले, "दार जाड आहे. पुष्कळ वेळा घासता येईल."

तिसऱ्यांदा कोणी कोरले नाही. ताईने कोर्टात साक्ष दिली आणि दुकानदाराला गुन्हा कबूल करावा लागला. गल्लीतली काही माणसे अजूनही तिच्याशी बोलत नाहीत. ती त्यांच्यासमोरून मान वर करून जाते. म्हातारा मात्र कुबडी टेकत एकदा आला होता. आत न येता त्याने दारावरून तळवा फिरवला, आणि बराच वेळ तो तिथून काढलाच नाही.

आता माझी गादी झिजली आहे. भंगारवाला आला की माझ्याकडे आशेने बघतो. बघू दे! मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याची पिशवी झटका, फाटका कागद बदला, वायर तपासा. त्याच्यावर जोर करू नका. आणि त्याला फळीवर टाकू नका, हाताशी ठेवा. कोणाच्या दारावर उद्या काय कोरले जाईल, सांगता येत नाही. कोरू देत. आम्ही घासायला तयार आहोत.